मध्ये काहीतरी आलंय

काळू भोयेच्या छातीला डॉक्टरने नळी लावली, काढली आणि पुन्हा लावली. आशाच्या मनात पाल चुकचुकली ती त्या पुन्हा लावण्यानं.

रविवार होता. पिंपळगाव बसवंतच्या बाहेर द्राक्षाच्या एका पॅकहाउसमध्ये पत्र्याखाली मजुरांसाठी तपासणी शिबिर भरलं होतं. हरसूलकडच्या पाड्यावर भात झोडून झाला की काळू आणि कमळाबाई दर साली इकडे द्राक्षतोडणीला यायची. त्यांची मुलगी आशा नाशकात द्वारकेजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात फोनवर बसायची आणि सुट्टीच्या दिवशी आईबापाला भेटून जायची. त्या दिवशी बापाला रांगेत तिनंच ओढून आणलं होतं. चार पावलं चालला की तो थांबत होता, आणि आपण थांबलो हे कळू नये म्हणून कुठंतरी लांब बघत उभा राहत होता.

डॉक्टर पोरगेलाच होता. त्याने शेजारच्या टेबलावरच्या सोबत्याला हाक मारली. "बघ रे जरा."

सोबत्यानं डोळे मिटून ऐकलं. मग दोघं इंग्रजीत काहीतरी बोलले. बोलणं झरझर झालं, त्यातला एकच शब्द आशाच्या कानात अडकला. मफल्ड.

"यांचा इको करून घ्यायला हवा," डॉक्टर मराठीत म्हणाला. "हृदयाची सोनोग्राफी असते तशी. सिव्हिलला घेऊन जा. टाळू नका."

"पण झालंय काय?"

"ते इकोत कळेल ना ताई." मागचा माणूस एव्हाना शर्टाची बटणं सोडून पुढे सरकला होता. क्रेट धुण्याचं मशीन घरघरत होतं. आणखी काही विचारावं तर ओरडून विचारावं लागलं असतं, आणि बापाच्या दुखण्याबद्दल चारचौघांत ओरडायला आशाची जीभ रेटेना.

बाहेर येऊन काळूनं स्वेटर खाली ओढला. "कायबी नाय. स्वेटरवरून नळी लावली त्यानं. आवाज कसा येल?"

डॉक्टरचा हात स्वेटरच्या आत गेलेला आशानं पाहिला होता. स्वच्छ पाहिला होता. पण बाप इतक्या सहज बोलला की आपणच नीट पाहिलं नसेल असं तिला वाटू लागलं.

"बा, उद्याच जाऊ. मी सुट्टी टाकते."

"सीझन उरकू दे. नवनाथला गडी कमी पडत्यात." नवनाथ म्हणजे त्यांचा मुकादम, त्यांच्याच पट्ट्यातला. "मग जाऊ म्हणंल तिथं."

कमळाबाईनं नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. चपलेचा आवळणारा पट्टा काढून त्याजागी त्यानं सुतळी सैल बांधून घेतली होती.

ज्योत्स्ना मॅडमचा इंग्रजीचा क्लास द्वारकेला एका हार्डवेअरच्या दुकानावर भरायचा, तोही सकाळी सातला, कारण शिकायला येणारे सगळे पोटापाण्याला लागलेले. कुणी शोरूममध्ये, कुणी बँकेच्या दारात, कुणी दवाखान्यात. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या. रोज एक नवा शब्द घ्यायचा आणि तो हाताळून, वास घेऊन, चावून बघायचा, अशी त्यांची रीत होती. शब्द कुणीही आणावा.

मंगळवारी आशानं मफल्ड आणला. कुठून आणला ते सांगितलं नाही. बापाचं दुखणं वर्गात मांडायला तिला संकोच वाटला, आणि खरं तर तिला भीती होती की नुसतं बोलल्यानं ते मोठं होईल.

मॅडमना शब्द आवडला. त्या उठल्या आणि त्यांनी रस्त्याकडची खिडकी सताड उघडली. द्वारकेच्या चौकातले सगळे हॉर्न, एसटीचे, रिक्षांचे, ट्रकचे, एकदम खोलीत घुसले. मग त्यांनी खिडकी घट्ट लावून घेतली आणि पडदा ओढला. हॉर्न लांब गेल्यासारखे झाले, गोधडीत गुंडाळल्यासारखे.

"हा मफल्ड," त्या म्हणाल्या. "गळ्यात मफलर घालतो ना, त्याच घरातला शब्द. तोंडावर हात ठेवून बोललं, दाराआड रडलं, ढोलावर कापड टाकून वाजवलं, की आवाज मफल्ड होतो. मराठीत काय म्हणाल?"

"दबका," कुणी म्हणालं. "घुसमटलेला," दुसरं.

"बद्द?" आशानं विचारलं. पाड्यावर मडकं विकत घेताना आई बोटानं वाजवून बघायची. बद्द वाजलं की ठेवून द्यायची.

मॅडमनी मान हलवली. "नाही. बद्द वेगळं. बद्द वाजतं ते मडकं तडकलेलं असतं, खोट मडक्यात असते. मफल्डमध्ये वस्तू धड असते. आवाजही तेवढाच असतो. फक्त मध्ये काहीतरी आलेलं असतं."

आशाच्या छातीवरचं ओझं उतरलं. वस्तू धड असते. मध्ये काहीतरी आलेलं असतं. स्वेटरच तर होता मध्ये. त्या दिवशी तिनं ऑफिसातून आईला फोन लावला तो हसऱ्या आवाजात लावला. "आय, डॉक्टर काय म्हणाला ते कळलं मला. बाचंच बरोबर. स्वेटरमुळं आवाज दबला."

"बरं," कमळाबाई म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आडवा नाय होत तो पण."

"म्हणजे?"

"पाठीला क्रेट लावतो नि बसूनच झोपतो. पुढं वाकून. आडवा झाला का जीव घाबरा होतो म्हणतो."

"थंडी लय आहे ना तिकडं. खोलीत पत्र्याचा गारठा येत असेल," आशा म्हणाली. आपण उत्तर दिलं ते आईला की स्वतःला, हे तिनं तेव्हा तपासून पाहिलं नाही. समोर धुळ्याच्या पार्टीचा फोन वाजत होता. माल कुठं अडकलाय ते तिला बघायचं होतं.

पुढच्या फोनला आई म्हणाली, भाकरी जात नाही त्याला, दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणतो. त्याच्या पुढच्या फोनला म्हणाली, मानेवरची शीर बघ कशी फुगलीय, दोरखंडासारखी. आणि दर वेळी काळू मागून ओरडायचा, "कायबी सांगू नको तिला." ओरडायचा म्हणजे पूर्वी ओरडायचा. आता तो आवाज फोनपर्यंत पुरेना. आशाला आईचं बोलणं ऐकू यायचं आणि मागं नुसतं कुणीतरी काहीतरी म्हटल्याचं कळायचं.

तिला वाईट स्वप्नं पडू लागली होती. त्यांत काही घडायचं नाही, एक बंद दार असायचं, एवढंच. रविवारी जाऊन स्वतः बघू आणि सोमवारी हाताला धरून सिव्हिलला नेऊ, असं तिनं मनाशी ठरवलं. रविवार यायला अजून अवकाश होता.

शुक्रवारी क्लासमध्ये उजळणी होती. आठवड्याचे शब्द घेऊन प्रत्येकानं आपापलं वाक्य बोलायचं. उमर मंगळवारी आला नव्हता. तो एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये नर्स होता, त्याला आखातात नोकरी हवी होती, आणि रात्रपाळी संपवून तो तसाच क्लासला यायचा, डोळे लाल, हाताला सॅनिटायझरचा वास. मॅडमनी त्याला मफल्ड दिला.

"हा तर आमच्याकडचा शब्द, मॅडम," तो म्हणाला, आणि हळूहळू, शब्दावर शब्द ठेवत त्यानं इंग्रजीत वाक्य म्हटलं. पेशंटच्या हृदयाभोवती पाणी साचलं होतं, म्हणून त्याच्या हृदयाचे आवाज मफल्ड झाले होते.

"छान," मॅडम म्हणाल्या. "व्याकरण बरोबर."

आशाला पुढचं काही ऐकू आलं नाही. शेजारची मुलगी तिचं वाक्य बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते.

"पाणी कसं?" आशा मध्येच म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "हृदयाभोवती पाणी कसं येईल?"

"हृदयावर एक पिशवी असते पातळ," उमरनं दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "तिच्यात पाणी भरत जातं. टीबीनं होतं, आणखी कशानं होतं. हळूहळू भरलं तर माणूस चालता-फिरता राहतो. पण मग हृदयाला फुलायला जागाच राहत नाही. ते आत दाबलं जातं."

"मग माणसाला काय होतं?"

उमरनं तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचा आवाज बदलला. "दम लागतो. पाय सुजतात. मानेच्या शिरा फुगतात. आडवं होता येत नाही, पुढं वाकून बसलं की बरं वाटतं." त्यानं खुर्ची तिच्याकडं वळवली. "आशा, खरं सांग. कोण आहे तुझ्याकडे असं?"

आशानं सांगितलं. सगळं सांगितलं, नळी दोनदा लावल्यापासून. सांगताना तिला प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच दिसत होती. डॉक्टरचा हात स्वेटरच्या आत जाताना तर इतका स्पष्ट दिसला की तिनं डोळे मिटून घेतले.

कमळाबाईचा फोन लागला नाही. नवनाथचा लागला. तो म्हणाला, काळूभाऊ बागेत आलाय की, टेंपोपाशी बसलाय, जरा दमलाय. आज गाडी भरायचीय, संध्याकाळी कर फोन.

"त्याला बसवून ठेवा," उमरनं आशाच्या हातातून फोन घेतला. "काही उचलायला देऊ नका. आडवं करू नका. आम्ही येतोय."

मॅडमनी टेबलावरची गाडीची किल्ली कधी उचलली ते कुणाला कळलं नाही. "चला," त्या म्हणाल्या. बाकीचा वर्ग तसाच बसून राहिला.

आडगाव मागं पडलं, ओझर आलं. हायवेला कांद्याचे ट्रक रांगेनं चालले होते आणि मॅडम एकेकाला मागं टाकत होत्या. त्यांना एवढ्या वेगानं गाडी चालवायची सवय नसावी, स्टिअरिंग त्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. गाडीत कुणी बोलत नव्हतं. ओझरच्या पुढं त्या एकदाच म्हणाल्या, "धड असते म्हणाले मी."

"तुम्हाला काय माहीत होतं मॅडम," आशा म्हणाली. "मी कुठं सांगितलं होतं."

उमर सारखा फोनवर होता. हॉस्पिटलला, कुणा डॉक्टरला. तो हिंदीत आणि इंग्रजीत बोलत होता आणि आशा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. आता तिला कुठलाच नवा शब्द कानात पडायला नको होता.

बागेच्या तोंडाशी टेंपो उभा होता. त्याच्या सावलीत काळू पालथ्या क्रेटवर बसला होता, कोपर गुडघ्यांवर टेकून. सकाळचा गारवा अजून होता, तरी त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. ओठ जांभळट राखेच्या रंगाचे. कमळाबाई पदरानं त्याला वारा घालत होती. आशाला बघून तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

"काम सोडून आलीस?"

उमर त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि मनगटावर बोटं ठेवली. "चाचा, सावकाश श्वास घ्या. आत. आता सोडा. परत आत." बोटं तिथंच राहिली. आशा उमरचा चेहरा बघत होती. त्यावर काहीच हललं नाही.

"काय?" तिनं विचारलं.

"श्वास आत घेतला की नाडी हरवतेय," तो हळूच म्हणाला. "चला. बसवूनच न्यायचं."

नवनाथ पुढं झाला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. "एवढं काय झालं? काल तर क्रेट उचलत होता."

मंगळू नावाचा एक गडी, काळूच्याच पाड्यावरचा, धावत आला आणि त्यानं काळूला काखेत धरून गाडीत बसवलं. बसवताना मंगळूला खोकल्याची उबळ आली, तशी त्यानं मान वळवून तोंड खांद्यात लपवलं.

परतीच्या वाटेवर काळूचं डोकं आशाच्या खांद्यावर होतं. तो मध्ये मध्ये काही पुटपुटत होता. तिला वाटलं पाणी मागतोय. कान जवळ नेला तर तो म्हणत होता, "गाडी भरायची राह्यली."

हॉस्पिटलच्या दारात उमरचे सोबती उभेच होते. पुढचं आशानं काचेआडून पाहिलं. स्क्रीनवर काळं काहीतरी होतं आणि त्या काळ्यात एक लहानसं हृदय पाण्यात पडलेल्या पाखरासारखं धडपडत होतं. डॉक्टरीणबाईंनी छातीच्या हाडाखालून लांब सुई घातली. नळीतून तांबूस पाणी येऊ लागलं. येतच राहिलं. माणसाच्या आत एवढं पाणी मावतं आणि तो तरीही द्राक्षं तोडत राहतो, हे बघून आशा भिंतीला टेकली. कमळाबाई मात्र काचेला चिकटून उभी होती. तिनं पापणी हलवली नाही.

काळूच्या ओठांचा रंग पालटला. थोड्या वेळानं आशाला आत बोलावलं तेव्हा त्याचा आवाज आला, खणखणीत नव्हे, पण त्याचाच. "आय हाय का कमळे बाहेर? काय खाल्लं का तिनं?" औषधाच्या गुंगीत तो बायकोला आई म्हणत होता आणि मुलीला बायको, पण बोलत होता.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी घाई केली नाही. "आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता," त्या म्हणाल्या. "पण एवढ्यावर सुटका नाही. पाणी पुन्हा भरू शकतं. कधी कधी हृदयावरचं आवरण जाड होत जातं, सालपटासारखं, आणि आवळून धरतं. कितीतरी महिने औषध घ्यावं लागेल. एक दिवस चुकवायचं नाही. टीबीच दिसतोय." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "एका खोलीत किती जण झोपतात हे?"

"सगळेच," कमळाबाई म्हणाली. "मंगळू याच्या बाजूला. त्याला खोकला हाय. दिवाळीपासून हाय. रात्रीचा तोंडात कापड घालून खोकतो, दुसऱ्यांची झोपमोड नको म्हणून."

"त्याला घेऊन या. सगळ्यांनाच तपासायला हवं."

शनिवारी आशा पिंपळगावला गेली तर खोली रिकामी होती. भिंतीला टेकवलेला एक क्रेट तेवढा होता आणि चुलीची राख. शेजारच्या बागेतल्या माणसानं सांगितलं, इथली तोडणी संपली, टोळी दिंडोरीकडं गेली, कुणाच्या बागेत ते ठाऊक नाय. नवनाथनं पहिल्या फोनला सांगितलं की सगळे ठणठणीत आहेत, उगाच गड्यांना भेवडवू नको, आधीच दोघं पळून गेलेत. दुसरा फोन त्यानं उचललाच नाही. टीबीच्या चौकशीला आलेल्या आरोग्य खात्याच्या ताईंनी सगळं विचारून घेतलं आणि पत्ता मागितला. पत्ता आशाकडं नव्हता.

वॉर्डात काळू उशीला टेकून बसला होता. त्यानं विचारलं, "मंगळूला नेलं का दावायला?"

"नेते," आशा म्हणाली.

रविवारी तिनं दिंडोरीची एसटी पकडली. उतरून विचारत विचारत, या फाट्यावरून त्या फाट्यावर, कधी दुधाच्या गाडीवरून तर कधी पायी, ती फिरत राहिली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका बागेत तिला ओळखीची माणसं दिसली. तिला बघून ती कामातून वर बघेनात. नवनाथ बांधावर फोनवर बोलत होता, त्यानं पाठ फिरवली.

मंगळू शेवटच्या ओळीत होता. वेलीच्या मांडवाखाली, हात वर करून तोडत होता. घड कापला की खाली क्रेटमध्ये ठेवायचा आणि खांबाला हात लावून उभा राहायचा. मग पुढचा घड.

"आशाबाय," तो म्हणाला. "काळूभाऊ?"

"बरा हाय. बोलतो. तुला दवाखान्यात बोलावलंय."

"मला कशाला? मी ठणठणीत हाय." तो हसला आणि हसता हसता मान वळवून त्यानं गळ्यातला टॉवेल तोंडाशी धरला. खांदे हलत राहिले. टॉवेल खाली घेतला तो घडी करून घेतला, आतली बाजू तिला दिसू नये अशी.

"मंगळू, चल माझ्यासंगं. आजच्या आज परत सोडते."

"सीझन उरकू दे."

हेच वाक्य, याच शब्दांत, तिनं बापाच्या तोंडून ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. आता तिच्याकडे त्याला द्यायला भीतीशिवाय काही नव्हतं, आणि भीती त्यानं आधीच टॉवेलात गुंडाळून ठेवली होती.

"मग मी बसते इथंच," आशा म्हणाली. तिनं चपला काढल्या, दोन ओळींच्या मध्ये मातीत बसली आणि पाण्याची बाटली शेजारी ठेवली. नवनाथ लांबून बघत होता. मंगळूनं एक घड तोडला, ठेवला आणि खांब धरला. या वेळी त्याला खांब सोडायला बराच वेळ लागला.